विशीतला गडी आणि तीस मीटरचा व्हरांडा

निरोगी तरुणांची शारीरिक क्षमता त्यांच्या चालण्यावरून मोजता येते, हा समज वैद्यकीय आणि क्रीडाशिक्षणाच्या वर्तुळांत आता इतका मुरला आहे की त्याला हरकत घेणाराच आडमुठा ठरावा. या समजाची मांडणी मोठी लोभस असते. यंत्र लागत नाही, मैदान लागत नाही, पैसा लागत नाही, कोणी धापा टाकत नाही, कोणी पडत नाही; व्हरांड्यात तीस मीटर अंतरावर दोन शंकू ठेवावेत, मुलाला सहा मिनिटे जमेल तितक्या भराभर चालायला सांगावे, कापलेले अंतर सूत्रात घालावे आणि त्याच्या हृदयाची व फुप्फुसांची कुवत आकड्यात लिहून द्यावी. हुबळी-धारवाडसारख्या जोडशहरात, जिथे वैद्यक, फिजिओथेरपी, अभियांत्रिकी आणि कृषी शिक्षणामुळे विशीतल्या मुलांना तोटा नाही, तिथे या समजाला खतपाणी आयतेच मिळते: प्रबंधाला विषय हवा असतो, विद्यार्थी हाताशी असतात आणि व्हरांडा फुकट असतो. सोयीचा असा मेळ क्वचितच जुळतो हे खरे, पण सोय म्हणजे शास्त्र नव्हे, आणि निरोगी तरुणांच्या बाबतीत ही चाचणी जे मोजल्याचा आव आणते ते ती मोजतच नाही.

चाचणीचा जन्म कशासाठी झाला हे तिचे पुरस्कर्ते सहसा सांगत नाहीत, कारण सांगितले तर निम्मा वाद तिथेच मिटतो. अमेरिकन हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये दलातील ११५ पुरुषांना बारा मिनिटे पळवले आणि त्यांनी कापलेले अंतर त्यांच्या कमाल ऑक्सिजन-ग्रहणक्षमतेशी, म्हणजे पराकाष्ठेचे श्रम करताना शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते त्या आकड्याशी, किती जुळते ते दाखवले. पुढे १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये मॅकगॅव्हिन आणि सहकाऱ्यांसमोर जुनाट श्वासनलिकादाहाचे रुग्ण होते. त्यांना पळवणे शक्य नव्हते, म्हणून पळण्याच्या जागी चालणे आले. त्या रुग्णांना बारा मिनिटेही जड जात, म्हणून १९८२ मध्ये बटलंड आणि सहकाऱ्यांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चाली ताडून पाहिल्या आणि सहा मिनिटांवर भागते असे दाखवले. १९८५ मध्ये गायट यांनी तीच चाल हृदयविकाराने थकलेल्या रुग्णांसाठी वापरली. प्रत्येक पायरीवर चाचणी सौम्य होत गेली ती समोरचा माणूस अशक्त होता म्हणून. ती सौम्य केलेली चाचणी आता धडधाकट गड्यांवर परत आणायची आणि वर तिला सुटसुटीत म्हणून गौरवायचे, याला काय म्हणावे? अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, जिचे बोट धरून व्हरांड्याची लांबी आणि शंकूंची जागा ठरवली जाते, तिनेच ही चाचणी कमाल ऑक्सिजन-ग्रहण ठरवत नाही असे स्वच्छ नोंदवले आहे. शंकूंबद्दलचे पान वाचायचे आणि हे पान उलटून पुढे जायचे, असा हा अभ्यास आहे.

आता मूळ मुद्दा. चाचणीचा पहिला नियम असा की चालणाऱ्याने पळायचे नाही. रुग्णाच्या बाबतीत हा नियम निरुपद्रवी आहे, कारण पळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचा दम चालण्याच्या वेगातच संपतो, आणि म्हणूनच त्याने कापलेले अंतर त्याच्या दमाबद्दल खरोखर काही सांगते. तरुणाच्या बाबतीत मात्र हा एकच नियम सगळ्या मोजमापाचा गळा घोटतो. चालताना एक ना एक पाय सतत जमिनीवर असतो आणि शरीर त्या ताठ पायावरून उलट्या लंबकासारखे कमानीने पुढे सरकते. त्या कमानीवर शरीराला धरून ठेवण्याचे काम गुरुत्वाकर्षणाचे. वेग वाढला की ते अपुरे पडू लागते आणि माणूस आपोआप धावू लागतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी जहाजांसाठी वापरलेले एक गुणोत्तर पुढे प्राण्यांच्या चालीलाही लावले गेले: वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि पायाची लांबी यांचा गुणाकार. हे गुणोत्तर सुमारे अर्ध्यावर आले की माणूस चाल सोडून धाव धरतो. पायाची लांबी ९० सेंटीमीटर धरली तर हा वेग सेकंदाला सुमारे २.१ मीटर येतो, म्हणजे सहा मिनिटांत साधारण ७५६ मीटर; ८० सेंटीमीटरच्या पायाला तोच हिशेब सुमारे ७१३ मीटरवर थांबतो. दोघांचे हृदय सारखेच, फुप्फुसे सारखीच, मेहनत सारखीच. तरी उंच मुलाला ४३ मीटर बक्षीस आणि ठेंगण्याला तितकाच दंड. पट्टीने पाय मोजले असते तर हेच कळले असते, आणि सहा मिनिटे वाचली असती.

मोजमापशास्त्रात याला छत-परिणाम म्हणतात: मोजण्याची पट्टी जिथे संपते त्याच्या वर असलेले सगळे तिच्या टोकाशी दाटीवाटीने गोळा होतात आणि त्यांच्यातला फरक दिसेनासा होतो. कूपर यांच्या बारा मिनिटांच्या धावेत विशीतल्या पुरुषांसाठी १६०० मीटरच्या आत राहणारा कमकुवत आणि २८०० मीटर ओलांडणारा उत्तम असे कोष्टक आहे, म्हणजे दोन टोकांत पाऊणपटीचे अंतर. चालीत हे अंतर कोठून येणार? रोज सकाळी दहा किलोमीटर धावणारा आणि वसतिगृहाच्या जिन्यावर थांबत थांबत चढणारा, दोघांनाही सातशे मीटरच्या आसपास आणून बसवणारी चाचणी त्यांच्यात भेद करते असे मानायचे, तर भेद या कल्पनेचाच नव्याने विचार करावा लागेल. वेगाने चालण्यात प्रावीण्य मिळवता येते हे खरे. जपानच्या युसुके सुझुकी यांनी २०१५ मध्ये २० किलोमीटरची चाल-शर्यत १ तास १६ मिनिटे ३६ सेकंदांत पुरी केली, म्हणजे ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने. पण कंबर फिरवून पावले टाकण्याची ती विद्या वर्षानुवर्षे घोटावी लागते. व्हरांड्यातल्या एखाद्या मुलाला ती थोडीफार साधली तर आकडा कौशल्यामुळे फुगणार आणि त्याच्या नोंदीत ते हृदयाच्या नावावर जमा होणार.

श्रमाचा हिशेब मांडला तर हे अधिकच उघडे पडते. सपाट जमिनीवरच्या चालीला किती ऑक्सिजन लागतो याचे प्रचलित सूत्र साधे आहे: मिनिटाला जितके मीटर, त्याचा दहावा भाग, अधिक विश्रांतीतले ३.५, उत्तर शरीराच्या दर किलो वजनामागे मिनिटाला मिलिलिटरमध्ये येते. सहा मिनिटांत ६०० मीटर म्हणजे मिनिटाला १००, म्हणजे मागणी १३.५ ची. निरोगी तरुणाची कमाल क्षमता ४० किंवा त्याहून जास्त असणे काही विशेष नाही. त्याच्या क्षमतेचा तिसरा भाग वापरायला लावणारी चाचणी उरलेल्या दोन भागांबद्दल काय सांगणार? ताशी सात किलोमीटरच्या पुढे वेग गेला की चालीचा खर्च झपाट्याने चढतो, असे पुरस्कर्ते लगेच सांगतील, आणि ते खरेही आहे. मात्र तो चढतो कारण त्या वेगाने चालणे अवघडलेले असते आणि धावणेच स्वस्त पडते. तिथे अंगाला जो घाम फुटतो तो अवघडलेपणाचा असतो.

यावर सूत्रांची ढाल पुढे केली जाते. सर्वाधिक उद्धृत होणारे सूत्र एनराइट आणि शेरिल यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. पुरुषांसाठी अपेक्षित अंतर म्हणजे सेंटीमीटरमधील उंची गुणिले ७.५७, त्यातून वय गुणिले ५.०२, किलोतील वजन गुणिले १.७६ आणि आणखी ३०९ वजा. हे सूत्र ४० ते ८० वर्षांच्या माणसांवरून बेतलेले आहे. ते वीस वर्षांच्या, १७५ सेंटीमीटर उंचीच्या, ६५ किलोच्या मुलाला लावले तर उत्तर ८०१ मीटर येते. म्हणजे ताशी आठ किलोमीटर, ज्या वेगाने कोणतेही शहाणे पाय चालत नाहीत, धावतात. सूत्राने तरुणाकडून धावेचा वेग मागायचा आणि नियमाने त्याला धावू द्यायचे नाही, अशा कात्रीत तो सापडतो. मग तो ७०० मीटरवर आला की अपेक्षेपेक्षा कमी म्हणून त्याच्या नावापुढे खूण होते. त्याच वयाचा, त्याच वजनाचा, पण दहा सेंटीमीटरने बुटका मुलगा घेतला तर अपेक्षा ७२५ मीटरवर उतरते. सूत्रात उंची आहे, वय आहे, वजन आहे. तो मैदानावर जातो की दिवसभर खाटेवर मोबाइल घेऊन पडून असतो, याला त्यात जागाच नाही. भारतीय माणसांवरून बेतलेली सूत्रेही नंतर आली आणि ती रुग्णांसाठी उपयोगाचीही आहेत, पण त्यांचे घटक मुख्यतः हेच, आणि परकी सूत्रे टाकून देशी वापरली म्हणून सपाट व्हरांड्याला चढ येत नाही.

मोजमापातल्या गोंगाटाचा, म्हणजे ज्याचा क्षमतेशी काही संबंध नाही अशा चढउताराचा, विचार तर होतच नाही. तीस मीटरच्या व्हरांड्यात ७०० मीटर चालायचे तर शंकूभोवती तेवीस वेळा वळावे लागते, आणि प्रत्येक वळणाला वेग मोडून पुन्हा धरावा लागतो. व्हरांडा पंधरा मीटरचाच असला तर वळणे दुप्पट. चालणाऱ्याला शाबासकी देत राहिले की अंतर वाढते, हे गायट यांनी १९८४ मध्येच दाखवले आणि ती वाढ सुमारे ३० मीटरची होती. दुसऱ्यांदा चालताना माणूस सरावाने पुढे जातो. युरोप आणि अमेरिकेतील श्वसनविकार संघटनांनी २०१४ मध्ये संयुक्तपणे काढलेल्या निकषांत ही वाढ सरासरी २६ मीटर दिली आहे आणि म्हणूनच चाचणी दोनदा घ्यावी असे सांगितले आहे. हे आकडे रुग्णांचे आहेत, आणि रुग्णाच्या बाबतीत तीसेक मीटरची सुधारणा अर्थपूर्ण मानली जाते. तरुणांच्या बाबतीत सगळी रांगच शेदीडशे मीटरच्या पट्ट्यात उभी असते. तिथे पायाच्या लांबीचे ४३, शाबासकीचे ३० आणि सरावाचे २६ मीटर बाजूला काढल्यावर क्षमतेच्या वाट्याला उरते काय? हुबळीच्या कापूस बाजारात गाठी तोलणाऱ्या काट्यावर सराफाने अंगठी तोलावी, असा हा प्रकार आहे.

संख्याशास्त्राचा आधार घेणाऱ्यांचा युक्तिवाद याहून जरा बरा आहे, म्हणून तो नीट पाहिला पाहिजे. त्यांचे म्हणणे असे की चाल आणि कमाल ऑक्सिजन-ग्रहण यांच्यातला सहसंबंध, म्हणजे एक वाढले की दुसरेही किती नेमाने वाढते त्याचे माप, अनेक अभ्यासांत चांगला आलेला आहे. आलेला आहेच, पण कोणाच्या अभ्यासात? तिशीचे आणि सत्तरीचे, स्त्रिया आणि पुरुष, सडपातळ आणि स्थूल, असे सगळे एका यादीत घातले की काहीही मोजा, त्याचा क्षमतेशी सहसंबंध दिसतो, कारण वय आणि लिंग दोन्ही आकड्यांना एकाच दिशेने ओढत असतात. एक मैल चालून क्षमता काढण्याची १९८७ ची रॉकपोर्ट चाचणी ३० ते ६९ वर्षांच्या स्त्री-पुरुषांवर बेतलेली आहे आणि तिच्या सूत्रात वय, लिंग, वजन, वेळ आणि शेवटचे नाडीचे ठोके अशा पाच गोष्टी आहेत. एकाच वर्गातल्या वीस वर्षांच्या मुलग्यांना ती लावली की वय आणि लिंग सगळ्यांचे सारखेच, म्हणजे सूत्राचे दोन खांब कोसळलेच. महाविद्यालयीन मुलांवर ती तपासली गेली तेव्हा तिने त्यांची क्षमता फुगवून सांगितली, यात नवल नव्हते. न्यायाने बोलायचे तर कूपर यांच्या यादीतही सतरापासून बावन्नपर्यंतची वये होती आणि त्यांचा देखणा सहसंबंध काही अंशी त्या विस्तारातून आला होता. पण धाव निदान माणसाला त्याच्या मर्यादेपर्यंत नेते, चाल तेही करत नाही.

नाडी मोजली की सगळे ठीक होते, हा त्याच युक्तिवादाचा पुढचा बुरूज. नाडीमुळे अंदाज सुधारतो हे कबूल करायला हवे, परंतु मग मोजमाप नाडीचे झाले, चाल फक्त निमित्तमात्र राहिली. त्यातही ठोके आणि ऑक्सिजनचा वापर यांचे सरळ नाते मध्यम ते जोरकस श्रमांत भरवशाचे असते. ऑस्ट्रांड आणि र्‍यूमिंग यांच्या १९५४ च्या प्रसिद्ध पद्धतीत मिनिटाला साधारण १२५ ते १७० ठोक्यांची कक्षा धरली आहे. कसलेल्या मुलाचे हृदय सपाट व्हरांड्यात त्या कक्षेच्या उंबरठ्यापर्यंतही अनेकदा पोचत नाही, आणि त्या खालच्या प्रदेशात ठोके चहाने वाढतात, उकाड्याने वाढतात, घोळक्याने बघत उभ्या असलेल्या वर्गमित्रांमुळेही वाढतात.

मग सुरक्षिततेचा मुद्दा येतो, आणि तो बऱ्याचदा आवाज चढवून मांडला जातो. झारखंडमध्ये २०२४ साली अबकारी शिपाई भरतीत तासाभरात दहा किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून जास्त तरुण दगावले. अशा बातम्यांनंतर चाल हीच माणुसकीची चाचणी, असे म्हणणे सोपे जाते. मृत्यू भयंकर होते, यात वाद नाही. पण त्यांतून निघते काय? ऑगस्टच्या दमट उन्हात, वैद्यकीय तपासणीशिवाय, तयारी नसलेल्या हजारो मुलांना दहा किलोमीटर धाववणारी भरती बेजबाबदार आहे, एवढेच. त्याच वर्षी मे महिन्यात मध्य प्रदेशातील बालाघाटला वनरक्षक भरतीत एक उमेदवार दगावला, तो २५ किलोमीटरच्या चालीत. तेव्हा चाल म्हटली की सुरक्षित, हे समीकरणही टिकत नाही. आणि मर्यादेच्या अलीकडे थांबणारी चाचणीच हवी असेल, तर ती चालच असली पाहिजे असे कोणी सांगितले? क्वीन्स कॉलेज पायरी-चाचणीत ४१.३ सेंटीमीटरच्या पायरीवर तरुणाने मिनिटाला २४ वेळा, असे तीन मिनिटे चढउतार करायचे असतात आणि नंतर नाडी मोजायची असते. स्वतःचे वजन उचलावे लागत असल्याने तिथे हृदयाला खरोखर काम पडते. १९४३ मध्ये ब्रूहा यांनी मांडलेली हार्वर्ड पायरी-चाचणी तर शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली जाते. तिचे लाकडी स्टूल प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात धूळ खात असताना बाहेर व्हरांड्यात शंकू मांडायचे, हा आधुनिकपणा अनाकलनीय आहे.

वनखात्याचे उदाहरण उलट बाजूने दिले जाते म्हणून त्याचीही वासलात लावणे आवश्यक आहे. भारतीय वनसेवेच्या निवडीत पुरुष उमेदवाराला चार तासांत २५ किलोमीटर चालावे लागते. शासनच चालण्यावरून पारख करते, मग आक्षेप कसला? आक्षेप नाहीच. ताशी सव्वासहा किलोमीटरने चार तास चालणे हे वनाधिकाऱ्याच्या कामाचेच एक तुकड्यातले रूप आहे. दांडेली-हल्याळकडच्या जंगलात ज्याला फिरायचे आहे त्याचे तळवे, गुडघे आणि चिकाटी टिकतात का, एवढेच ते विचारते, आणि उत्तरही होय किंवा नाही इतकेच घेते. त्यावरून कोणी कोणाच्या हृदयाला दशांश चिन्हासकट गुण देत नाही. चार तासांच्या चालीचे पुण्य सहा मिनिटांच्या चालीच्या खात्यावर कसे जमा होते, हे मात्र गूढच. पंढरीच्या वारीचा दाखला देणाऱ्यांचेही तेच. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर सत्तरीच्या आजीबाई डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालतात, यातून चालण्याचे थोरपण सिद्ध होतेच. पण जे सत्तरीतल्या आजींना जमते ते विशीतल्या नातवांपैकी कोणाला किती जास्त जमते हे शोधण्याच्या कामाचे नसते, हेही त्यातूनच सिद्ध होते. रोज दहा हजार पावलांच्या संकल्पाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला, कोणत्या शरीरशास्त्रज्ञाच्या वहीतून नव्हे.

चालण्यावर डूख धरण्याचा हा प्रकार नाही, हे दाखवायला एकच उदाहरण पुरे. बाल्के यांची फिरत्या पट्ट्यावरची जुनी चाचणी चालण्याचीच आहे: वेग ताशी सुमारे ५.३ किलोमीटर, कधी न बदलणारा, पण दर मिनिटाला पट्ट्याचा चढ वाढत जातो, आणि माणूस थकून थांबेपर्यंत वाढत जातो. तिथे छत नाही. सपाटीवर १३.५ मिलिलिटर मागणारा ताशी सहा किलोमीटरचा वेग दहा टक्के चढावर ३१.५ मिलिलिटर मागतो; म्हणजे हुबळीच्या नृपतुंग टेकडीचा चढ रुग्णालयाच्या कोणत्याही गुळगुळीत व्हरांड्यापेक्षा तरुणाबद्दल जास्त सांगेल. पण टेकडी चढवली की मुलगा धापा टाकणार, घामाघूम होणार, एखादा मध्येच बसणार. पुरस्कर्त्यांना नेमके हेच नको आहे: दम तपासायचा आहे, पण कोणाला दम लागू द्यायचा नाही.

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजच्या मैदानावर पहाटे जे दिसते ते या वादातल्या कोणत्याही आलेखापेक्षा बोलके आहे. कडेने शाली गुंडाळलेले निवृत्त लोक जोडीजोडीने चालत असतात, आणि त्यांना वळसे घालत पोलीस भरतीची तयारी करणारी, सप्तापूरच्या शिकवणी वर्गांत दिवस काढणारी मुले घड्याळाकडे बघत धावत असतात. कर्नाटकात पोलीस शिपाई व्हायचे तर पुरुष उमेदवाराला १६०० मीटर साडेसहा मिनिटांत धावावे लागतात, म्हणजे सहा मिनिटांत सुमारे १४७५ मीटर. तेवढ्याच सहा मिनिटांत व्हरांड्यातली चाचणी त्याला सातशेच्या घरात रोखून धरते आणि उरलेल्या पावणेआठशे मीटरांत तो कुठे कोलमडेल याबद्दल मौन पाळते. शाल पांघरलेल्या आजोबांसाठी त्या चालीचा वेग मोलाचा आहे. उतारवयात चालण्याचा वेग आयुष्याबद्दल बरेच सांगतो, हे आता चांगले प्रस्थापित आहे. ते निष्कर्ष उचलून शेजारून धावत गेलेल्या नातवाला चिकटवायचा अधिकार कोणी कोणाला दिला?

लेजे आणि लॅम्बर्ट यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या वीस मीटरच्या शटल-धावेला दोन रेघा आणि ठरावीक अंतराने वाजणारी एक शिट्टी लागते, म्हणजे खर्च शंकूंइतकाच. तिच्या पुढे रूढ झालेल्या रूपात पहिलाच वेग ताशी साडेआठ किलोमीटर आहे आणि पुढे दर मिनिटाला तो अर्ध्या किलोमीटरने वाढतो. जिथे निरोगी माणसाची चाल भौतिकशास्त्रानेच संपते त्याच्या पुढे तिचा पहिला टप्पा सुरू होतो. ज्यांना तरुणांची क्षमता मोजायची आहे त्यांनी तिथून पुढे मोजावे. आणि ज्यांना ते करायचे नाही, त्यांनी मुलाच्या कागदावर ‘सहा मिनिटांत ६८० मीटर चालला’ एवढेच लिहावे, कारण त्यांना माहीत झाले आहे ते एवढेच, आणि ‘सक्षम’ किंवा ‘अक्षम’ हा रकाना कोरा सोडावा.